बांग सुरिम आणि तीस फेब्रुवारी

आमच्या नामगोकमध्ये बांग सुरिमला नावाने हाक मारते ती फक्त तिची आई. बाकी सगळं गाव तिला पाठीमागे पण-बाई म्हणतं. समोरचा काहीही बोलो, सुरिमचं वाक्य 'पण'नेच सुरू होणार. "आज फार गारठा आहे हो," म्हणा, ती म्हणेल, "पण कालच्याइतका नाही." बरं, चुकीचं बोलते म्हणावं तर तेही नाही. दहातल्या नऊ वेळा तिचंच खरं निघतं, आणि लोकांना राग येतो तो नेमका त्याचाच.

वय सत्तेचाळीस, अंगाने ठेंगणी, केस कानापर्यंत कापलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मुलींच्या कॉमर्स शाळेतून निघाली ती थेट कौलांच्या कारखान्यात हजेरीची कार्डं संगणकात भरायला लागली. तिसऱ्या महिन्यात मालकाला म्हणाली, "पण साहेब, कामगार उशिरा येत नाहीत, तुमचं घड्याळ पुढे आहे." घड्याळ खरंच पुढे होतं. नोकरी गेली. प्रोग्रॅम लिहायला ती आपली आपणच शिकली, तालुक्याच्या वाचनालयातल्या पानं सुटलेल्या पुस्तकांवरून. लग्न चार वर्षं टिकलं. सासरी पूर्वजांच्या पूजेला बायकांनी पहाटेपासून धिरडी परतायची आणि पुरुषांनी आयत्या वेळी येऊन नमस्कार घालायचे, अशी रीत. चौथ्या वर्षी सुरिमने कालथा खाली ठेवला आणि म्हणाली, "पण पूर्वज तुमचे आहेत ना? मग परता तुम्ही." त्या घरात तिने पुन्हा कालथा उचलला नाही.

अशी ही बाई गेली अकरा वर्षं नूडल्सच्या खानावळीवरच्या माडीत, सात माणसांच्या एका छोट्या कंपनीत काम करत होती. खालून दिवसभर शिंपल्यांच्या रश्श्याचा वास वर यायचा. कंपनीकडे तालुक्याच्या प्रौढ शिक्षण केंद्राचं काम होतं. ज्यांची लहानपणी शाळा झाली नाही त्यांनी म्हातारपणी प्राथमिक शाळेची परीक्षा द्यायची, आणि त्या परीक्षेची नावनोंदणी ज्या संकेतस्थळावर व्हायची ते सुरिम सांभाळायची.

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण इथेच आहे. लोक फॉर्ममध्ये वाट्टेल ते लिहितात. ते तपासायला एक तयार लायब्ररी मिळते. लायब्ररी म्हणजे नियमांचं एक बांधलेलं गाठोडं: महिने बारा, एप्रिलचे दिवस तीस, फेब्रुवारीचे अठ्ठावीस, फार तर एकोणतीस. हे नियम घरबसल्या मिळतात, जगात सगळीकडे सारखे. पण गावोगावच्या तऱ्हा वेगळ्या, म्हणून आपले चार नियम वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची सोय असते. आणि एक यादी असते. लायब्ररीने सुरू होताना कुठले नियम उचलायचे, कुठल्या क्रमाने उचलायचे, ते त्या यादीत लिहायचं. मागून उचललेला नियम आधीच्यावर चढतो. यादीत नाव नसेल तर फाइल फोल्डरमध्ये पडून राहते, कोणी तिला विचारत नाही.

सहा वर्षांपूर्वी सुरिमने तसा एक नियम लिहून ठेवला होता. आपल्या तालुक्यात असे म्हातारे आहेत ज्यांच्या बापांनी जन्माची तारीख चांद्र पंचांगाने सांगितली आणि कारकुनाने ती डोळे मिटून तशीच उतरवून घेतली. चांद्र पंचांगाच्या दुसऱ्या महिन्याला कधी कधी तीस दिवस येतात. कारकुनाच्या वहीत दुसरा महिना म्हणजे फेब्रुवारी, त्यामुळे सरकारी ओळखपत्रावर तीस फेब्रुवारी ही जन्मतारीख असलेली जिवंत, हिंडती-फिरती माणसं आपल्याकडे आहेत. सुरिमचा नियम एवढंच म्हणायचा: तारीख कॅलेंडरात नसेल, पण ओळखपत्राच्या नोंदीत असेल, तर घ्या.

दोन वर्षांपूर्वी प्रांताकडून तपासणी आली. तेव्हा सुरिम आजारी आईला घेऊन दवाखान्यात होती. तपासनिसाने विचारलं, "हे तुमचे जादा नियम कशाला?" कंपनीचे मॅनेजर को साहेब हे वाद घालणारे गृहस्थ नव्हेत. त्यांनी यादीतली सगळी गावठी नावं पुसली, मूळचं गाठोडं तेवढं ठेवलं, अहवालात 'जादा नियम: शून्य' असं लिहून घेतलं आणि तपासनिसांना जेवायला घेऊन गेले. मंडळी खूश झाली. यादी पुन्हा भरायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

फेब्रुवारीतला तो शुक्रवार, नोंदणीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी सहाला फॉर्म बंद होणार होता. सकाळी अकराला फोन वाजला. शिक्षण केंद्राच्या मो बाई होत्या, म्हणजे कामाच्या मालकीणच. त्यांच्यापुढे कंपनीने नेहमी वाकूनच बोलायचं.

"बांगबाई, एक आजी आहेत, थॅ बुनिम. आठवडाभर नुसता ताप दिलाय. फॉर्म तारीख घेत नाही म्हणतात. मी सांगितलं अठ्ठावीस टाका, ऐकतच नाहीत. तुम्ही समजावा बाई त्यांना."

"पण त्यांची तारीख काय आहे?"

"तीस फेब्रुवारी," मो बाई म्हणाल्या आणि हसल्या.

सुरिम हसली नाही. तिने यादी उघडून पाहिली. तिची फाइल फोल्डरमध्ये होती. यादीत नव्हती. दोन वर्षं!

तिने आजींना फोन लावला. उचलल्या उचलल्या पलीकडून आवाज आला, "अठ्ठावीस सांगायला केला असशील तर ठेव."

"आजी, मी ते सांगायला नाही..."

"मग समोरासमोर बोलू. मला फोनवर नीट ऐकू येत नाही." आणि खट्‌. तासाभराने जिन्यावर काठी वाजली. दोन बस बदलून आलेली एक्याऐंशी वर्षांची म्हातारी, डोक्याला लोकरी रुमाल, हातात टॉवेलमध्ये बांधलेली उकडलेली रताळी. तिने रताळी सुरिमच्या टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि बसली.

"काय गं, तूच का ती मशीनवाली?"

"होय आजी."

"तुझ्या मशीनला सांग, मी आहे म्हणून."

थॅ बुनिमने चार वर्षांपूर्वी अक्षरं गिरवायला घेतली. त्याआधी तिच्या वतीने जग लिहायचं. ती सांगू लागली तसं सुरिमचं काम थांबलं. "पहिलं काय वाचलं ठाऊक आहे? माझं ओळखपत्र. नाव वाचलं, तारीख वाचली, तीस. बरं वाटलं. मग दवाखान्याचं कार्ड काढलं. अठ्ठावीस. बसचा पास, अठ्ठावीस. म्हाताऱ्यांच्या मंडळाची वही, अठ्ठावीस. मला कळेना, ही बाई कोण? सगळीकडे माझ्या नावाने हिंडतेय! मला वाचता येत नव्हतं ना, म्हणून सगळ्यांनी आपापल्या सोयीने लिहून टाकलं, आणि मी माना डोलावत राहिले. माझा बाप दोन गावं चालत गेला होता माझी नोंद करायला. मुलींची नोंद कोण करत होतं तेव्हा? बाकी आयुष्यात त्याने माझ्यासाठी काही केलं नाही, अगदी काही नाही. पण तेवढी तारीख दिली. ती मी पुसू देणार नाही."

"ऑगस्टमध्येही परीक्षा असते, आजी."

"ऑगस्टपर्यंत डोळे राहतील का विचार डॉक्टरला. डावा चाललाच आहे. उजव्याचं सांगता येत नाही म्हणतो. मला आत्ता बसायचंय. आत्ता, दिसतंय तोवर."

सुरिम उठली आणि को साहेबांच्या टेबलाशी गेली. साहेब चांगले होते हो, वाईट माणूस नाही. फक्त पाठीचा कणा घरी ठेवून यायचे.

"साहेब, यादीत माझी फाइल परत घालायचीय. दोन मिनिटांचं काम."

"वेड लागलंय का? नोंदणी चालू असेपर्यंत सर्व्हरला हात लावायचा नाही, करारात आहे. सोमवारी बघू."

"पण सोमवारी नोंदणी बंद असेल."

"मग अठ्ठावीस टाका! दोन दिवसांनी कुणाचं काय बिघडतं?"

"पण साहेब, तुमचा जन्म कधीचा?"

"त्याचा काय संबंध?"

"सांगा तर."

"सप्टेंबर, एकोणीस."

"उद्यापासून सतरा लिहायची. मशीनला एकोणीस आवडत नाही. चालेल?"

साहेबांचे कान लाल झाले. "बांगबाई, हे बघा, चार शिक्क्यांचा कागद भरून आणा. मला हरकत नाही."

चार शिक्क्यांचा कागद म्हणजे मंजुरीचा कागद; आमच्याकडे सहीच्या जागी नावाचा शिक्का मारतात. वर उजव्या कोपऱ्यात चार चौकटी: करणारा, मॅनेजर, मालक आणि गिऱ्हाईक. सुरिमने कागद भरला, आपला शिक्का मारला. साहेब म्हणाले, आधी मालकांचा आणा. मालक समुद्रावर मासे धरायला गेले होते, फोन बंद. मो बाई म्हणाल्या, तुमच्या मॅनेजरांचा आल्यावर मी मारते. दोन वाजले, तीन वाजले. कागद ह्याच्याकडून त्याच्याकडे फिरत राहिला आणि त्यावर शिक्का एकच. आजींनी तोवर सगळ्या हापिसाला रताळी वाटून टाकली होती. साहेबांनीही एक खाल्लं, मान खाली घालून.

चार वाजता सुरिमने मो बाईंना पुन्हा फोन केला. "मॅडम, तुम्ही म्हणता तसं अठ्ठावीस टाकते. पण तसं लिहून पाठवा. 'ओळखपत्रावर तीस असताना अठ्ठावीस टाकावे' एवढी एक ओळ, तुमच्या नावानिशी."

"लिहून कशाला? मी सांगतेय ना तोंडी!"

"तोंडी सांगायला तुमचं काय जातं, मॅडम? प्रमाणपत्रावर खोटी तारीख माझ्या हातून पडणार. सोमवारी कुणी विचारलं तर तुम्ही म्हणाल, बांगबाईंनी टाकली."

"तुम्ही कुणाशी बोलताय माहीत आहे ना?" मो बाई म्हणाल्या आणि फोन आपटला.

ते वाक्य सुरिमने जन्मभर ऐकलं होतं. कौलांच्या मालकाकडून, सासूकडून, नवऱ्याकडून. आणि दर वेळी ती निघून गेली होती. नोकरी सोडून, घर सोडून. ह्या वेळी जायला जागाच नव्हती, कारण तिच्या टेबलासमोर ती म्हातारी बसली होती, काठी मांडीवर आडवी ठेवून. सुरिम खुर्चीत नीट सरसावून बसली.

तिने आधी पत्र लिहिलं. साहेब, मालक, मो बाई, मो बाईंचे वरिष्ठ, सगळ्यांना एकदम. "तीस फेब्रुवारी तारीख असलेल्या लोकांची नोंदणी दोन वर्षांपासून आपल्या चुकीने नाकारली जाते आहे. मंजुरीच्या कागदावर तीन शिक्के मिळाले नाहीत. मी, बांग सुरिम, आज चार वाजून चाळीस मिनिटांनी नियमांची यादी बदलते आहे. जबाबदारी माझी." पाठवलं. मग यादीत फोल्डरचं नाव घातलं आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला.

आणि इथे पण-बाई चुकली. ते मी लपवणार नाही.

रागाच्या भरात तिने एका फाइलचं नाव घालायच्या ऐवजी अख्ख्या फोल्डरचंच घातलं. त्या फोल्डरमध्ये सहा वर्षांचा कचरा होता, आणि त्यात मुलांच्या पोहण्याच्या वर्गासाठी लिहिलेला एक जुना नियम: वय तेराच्या आत हवं. लायब्ररीने इमानेइतबारे तोही उचलला. तीन मिनिटांत तीन फोन.

"अहो, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे," एक आजोबा ओरडत होते, "आणि तुमचा फॉर्म म्हणतो मी मोठा झालोय!"

को साहेब धावत आले. "बघा! बघा! म्हणून सांगत होतो! आता सगळा तालुका बाहेर बसला! काढा ते, आत्ताच्या आत्ता काढा!"

"काढते. पण सगळं नाही काढणार."

"बांगबाई!"

"ओरडू नकोस रे," आजी शांतपणे म्हणाल्या. "चूक केलीय ना तिने, मग तीच सुधारेल. तू दोन वर्षं कुठे सुधारलीस?"

साहेब दोन पावलं मागे सरले. सुरिम घाबरली होती, हे मात्र खरं. तिने यादी पुन्हा उघडली, फोल्डरचं नाव काढलं. पहिल्या ओळीवर मूळचं गाठोडं. दुसऱ्या ओळीवर एकच फाइल, तिची. क्रम पुन्हा पाहिला, कारण उलटा झाला असता तर मूळचा नियम वर चढून आजींना पुन्हा हाकललं असतं. सर्व्हर सुरू केला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजोबांना फोन करून म्हणाली, "आता भरा, माफ करा, माझी चूक." फॉर्म गेला. पाच वाजून पाच.

"या आजी. तुम्ही सांगा, मी भरते पटपट."

"का? मला हात नाहीत?"

आजी संगणकापुढे बसल्या. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत. नाव लिहायला नऊ मिनिटं लागली. पत्ता चुकला, पुसला, पुन्हा लिहिला. डोळा इतका जवळ नेत होत्या की नाक पडद्याला टेकत होतं. पाच पंचवीस. पाच चाळीस. को साहेबांचा फोन एकसारखा वाजत होता आणि ते उचलत नव्हते. खुर्चीमागे उभे राहून तेही त्या बोटाकडेच बघत होते. तारखेच्या रकान्याशी आजी थांबल्या. ओळखपत्र काढून शेजारी ठेवलं, एकदा वाचून घेतलं, आणि वर्ष, महिना, मग तीन, मग शून्य. बटण दाबलं.

फॉर्म स्वीकारला.

"वाच," आजी म्हणाल्या. "नको, थांब. मीच वाचते." आणि त्यांनी आपला नोंदणी क्रमांक, नाव, तारीख, सगळं मोठ्याने वाचलं, खालच्या खानावळीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. सुरिमच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, आणि कुणी बघतंय का हेही पाहिलं नाही.

जे व्हायचं ते सोमवारी झालं. मो बाईंच्या वरिष्ठांनी मालकांना बोलावून घेतलं, मालकांनी को साहेबांना झापलं, आणि सुरिमला झाल्या प्रकाराबद्दल खेदपत्र द्यायला सांगितलं. आमच्याकडे खेदपत्राचा मजकूर ठरलेला असतो: माझ्या अविचाराबद्दल मी मनापासून पश्चात्ताप करते, वगैरे. सुरिमने लिहिलं, "फोल्डरचं नाव घातलं ही माझी चूक. तीन माणसांना त्रास झाला, त्याचा खेद आहे. फाइलचं नाव घातलं त्याचा खेद नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालीन." मार्चमध्ये तिला त्या कामावरून काढून मासळीबाजाराच्या टोकनयंत्रांवर टाकलं. तिथे गमबूट घालून जावं लागतं. ती जाते. राजीनामा मात्र तिने दिला नाही. "ह्या वेळी मी कुठे जाणार नाही," आईला म्हणाली, "जायचं तर त्यांनी जावं."

आणि ती फाइल? मो बाईंनी हुकूम सोडला होता की यादी पूर्ववत करा. पण पूर्ववत करायलाही तोच कागद लागतो, चार चौकटींचा, आणि त्यावर कारण लिहावं लागतं. 'खरी जन्मतारीख असलेल्या लोकांना नाकारण्यासाठी' असं काहीतरी लिहून खाली आपला शिक्का मारायचा. कागद चार टेबलांवरून फिरला. को साहेबांनी तो दोन दिवस ठेवून घेतला आणि मग शिक्का न मारताच मालकांकडे सरकवला. मालकांनी मो बाईंकडे. मो बाईंकडे तो अजून आहे म्हणे.

मेमध्ये निकाल लागला. सुरिम मासळीबाजारात टोकनयंत्राचं दार उघडून बसली होती, तेवढ्यात फोन वाजला.

"पोरी! नापास झाले गं!" आजींचा आवाज एवढा खणखणीत की शेजारची कोळीण वळून बघायला लागली.

"अरेरे, आजी..."

"अरेरे काय? पाच विषय सुटले, गणित राहिलं. पण कागद बघ ना एकदा! नाव माझं, तारीख माझी. त्या अठ्ठावीसवाल्या बाईचा काही संबंध नाही. मी नापास झाले, मी स्वतः!"

"आणि डोळा?"

"डावा गेला. उजवा आहे. मोठ्या अक्षरांचा पेपर मिळतो म्हणाले, ऑगस्टला पुन्हा बसतेय. तेवढ्याला तुझी ती फाइल जागेवर राहील ना?"

"ती काढायला शिक्के लागतात, आजी. कुणी मारत नाही."

"तर मग त्यांना सांग," थॅ बुनिम म्हणाल्या, "काढायची असेल तर तो कागद घेऊन माझ्याकडे या म्हणावं. काय लिहिलंय ते मला आता वाचता येतं."